रणगाड्याच्या पायघड्या

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर मागे टाकून अंबरनाथच्या फलाटाला लागते, तेव्हा डब्यातून उतरणाऱ्या त्या अफाट गर्दीत कोणी शिलाहारांच्या शिवमंदिराकडे जाणारा भाविक असतो, कोणी औद्योगिक वसाहतीतील रसायनांच्या वा औषधांच्या कारखान्यात पाळीवर निघालेला कामगार असतो, आणि कोणी खिशाला ओळखपत्र अडकवून सरकारी कारखान्याच्या फाटकाची वेळ साधण्यासाठी झपझप पावले टाकणारा फिटर वा टर्नर असतो. या तिसऱ्या प्रकारच्या माणसाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः राजस्थानच्या वाळूत किंवा पंजाबच्या शेतांतून धावणाऱ्या भारतीय रणगाड्याचा भार ज्या दात्यांवर, दांड्यांवर आणि पिनांवर तोललेला असतो, ते यंत्रभाग घडविणाऱ्या कारखान्याशी आपल्या या गावाचे नाते सत्तर वर्षांहून अधिक जुने आहे, आणि आपल्या शेजारच्या बिऱ्हाडातला एखादा अबोल गृहस्थ हयातभर तेच घडवीत आलेला असणे मुळीच असंभवनीय नाही.

अंबरनाथला संरक्षण खात्याचे दोन कारखाने आहेत. एक ऑर्डनन्स फॅक्टरी, जिचे काम मुख्यतः पितळ व अन्य अलोह धातूंचे; आणि दुसरा मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, म्हणजे यंत्रहत्यारांचे आद्य नमुने घडविण्यासाठी 1953 साली, स्वातंत्र्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी स्थापन झालेला कारखाना. त्याच्या नावातच त्या काळाची महत्त्वाकांक्षा साठवलेली आहे. कारण शस्त्र विकत आणता येते, पण शस्त्र घडविणारे यंत्र आणि त्या यंत्रावर उभा राहणारा हात ही दोन्ही देशातच तयार व्हावी लागतात, हे त्या पिढीने नीट ओळखले होते. 1 ऑक्टोबर 2021 रोजी जुने आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या 41 कारखान्यांची सात सरकारी कंपन्यांत वाटणी झाली. कामगार संघटनांनी या वाटणीस कसून विरोध केला होता, परंतु तो मजकूर स्वतंत्र लेखाचा आहे. आपल्या विषयाशी संबंध इतकाच, की त्या वाटणीत ऑर्डनन्स फॅक्टरी नागपूरच्या यंत्र इंडिया कंपनीकडे गेली, आणि प्रोटोटाइप फॅक्टरी ज्या कंपनीकडे गेली तिचे नावच आर्मर्ड व्हेइकल्स निगम, म्हणजे चिलखती वाहनांचे निगम, असे आहे. चेन्नईजवळच्या आवडी येथे रणगाडे बांधणारा हेवी व्हेइकल्स कारखाना, तेथलाच इंजिनांचा कारखाना, तेलंगणातील मेदक, जबलपूरचा वाहन कारखाना आणि आपले अंबरनाथ, असे हे पाचांचे कुटुंब आहे.

रणगाडा हा मराठी शब्द कोणालाही पाहताक्षणी कळावा असा चपखल आहे. पण इंग्रजीतील ‘टँक’ या शब्दाची कुळकथा मराठी वाचकाने आवर्जून जाणून घ्यावी अशी आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे नवे यंत्र गुप्तपणे बांधावयास घेतले, तेव्हा कारखान्यात हे काय चालले आहे असे कोणी विचारल्यास पाण्याची टाकी बांधीत आहोत असे सांगण्याची तजवीज करण्यात आली, आणि ते सोंगाचे नावच पुढे त्या यंत्राला कायमचे चिकटले. टाकी या अर्थाचा तो इंग्रजी शब्द मुळात आला कोठून, याचा शोध घेणाऱ्या कोशकारांपैकी बऱ्याच जणांचे बोट गुजराती व मराठीतील ‘टाके’ या शब्दाकडे वळते; पोर्तुगीजांच्या तोंडून तो युरोपात रुळला वा दृढ झाला असे ते मानतात. ज्या सह्याद्रीच्या किल्ल्यांवर खडकात खोदलेल्या टाक्यांतले पाणी पिऊन शिबंदी महिनोन्‌महिने वेढा सोसत असे, त्या टाक्याचे नाव असा वळसा घेऊन जगातील सर्वांत प्रबळ भूयुद्ध-वाहनाला मिळाले असेल, तर ही गोष्ट आपल्या शाळांतून मुलांना सांगितली गेली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आता मुख्य प्रश्न. इतके जड वाहन चिखलात रुतत कसे नाही? बदलापूरच्या अलीकडे-पलीकडे रुळांच्या दोन्ही अंगांना जी भातखाचरे अजून शिल्लक आहेत, त्यांत आषाढात चिखलणी चाललेली ज्याने पाहिली आहे, त्याला या प्रश्नाचे मर्म निराळे सांगावे लागणार नाही. बांधावरून घसरलेल्या मोटारीचे चाक त्या चिखलात जितके फिरवावे तितके खोल जाते; पण त्याच चिखलावर एखादी रुंद फळी टाकली तर माणूस तिच्यावरून डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा घेऊन सुखेनैव पलीकडे जातो. वजन कमी झालेले नसते, ते पसरलेले असते. मोटारीचे चाक जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2 किलो दाब देते, भरलेल्या मालट्रकचे चाक त्याच्या तिप्पट-चौपट देते, आणि 41 टनांचा टी-72 रणगाडा मात्र एक किलोहूनही कमी, सुमारे 0.83 किलो, एवढाच दाब देतो. हिशेब कोणालाही करता येईल असा आहे: त्याचा प्रत्येक पट्टा 58 सेंटिमीटर रुंद असून त्याची सव्वाचार मीटरांहून थोडी अधिक लांबी एका वेळी जमिनीला टेकलेली असते, दोन्ही पट्ट्यांचे क्षेत्रफळ काढावे आणि 41 हजार किलोंना त्याने भागावे.

या युक्तीचा जन्म रणभूमीवर झालेला नाही, शेतात झाला. कॅलिफोर्नियातील स्टॉकटनच्या परिसरातील नदीमुखाची जमीन इतकी भुसभुशीत होती, की वाफेवर चालणारे अवजड ट्रॅक्टर तीत रुतून बसत. बेंजामिन होल्ट या कारखानदाराने 1904 साली चाकांच्या जागी सलग पट्टे बसवून पाहिले आणि त्याचा ट्रॅक्टर त्या जमिनीवरून निर्वेध चालून गेला. बारा वर्षांनी, 15 सप्टेंबर 1916 रोजी, फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर, तोफगोळ्यांनी नांगरलेल्या जमिनीतून, काटेरी तारांवरून व खंदकांवरून, पहिले रणगाडे शत्रूवर चालून गेले. त्या दिवसासाठी आणलेल्या 49 रणगाड्यांपैकी हल्ल्याच्या रेषेपर्यंत 32 च पोहोचू शकले. उरलेले शत्रूची गोळी लागण्यापूर्वीच यंत्र बिघडून किंवा रुतून मागे राहिले. रणगाड्याच्या इतिहासाचे हे पहिलेच पान मला फार बोलके वाटते. सतरा रणगाडे निकामी झाले, आणि ते तोफेच्या वा चिलखताच्या उणिवेमुळे नव्हे.

पट्टा चालतो कसा, हे मराठी माणसाला सांगण्यासाठी परदेशी उपमा शोधण्याचे कारण नाही. आषाढी वारीत पालखीपुढे परीट पायघड्या घालतात, त्या आठवाव्या. पालखीच्या पुढे स्वच्छ धोतर अंथरायचे, पालखी त्याच्यावरून पुढे सरकली की मागे पडलेले धोतर उचलून धावत पुढे यायचे आणि ते पुन्हा अंथरायचे. वस्त्रे मोजकीच, पण पालखीला वाट मात्र अखंड. रणगाड्याचा पट्टा हेच करतो. पोलादाच्या शंभराच्या आसपास कड्या पिनांनी एकमेकींत गुंफून त्याची माळ केलेली असते. ती माळ पुढे जमिनीवर अंथरली जाते, तिच्यावरून रबर मढविलेली सहा मोठी चाके आगगाडीची चाके रुळावरून जावीत तशी घरंगळत जातात, आणि शेवटचे चाक पुढे गेले की मागची कडी उचलली जाऊन वरच्या बाजूने पुन्हा पुढे येते. जमिनीवर टेकलेली कडी त्या क्षणी निश्चल असते, हे या चमत्काराचे रहस्य आहे: गाडी वेगात धावत असते आणि तिच्याखालची वाट मात्र स्थिर पडून असते. माळ ओढणारे दातेरी चाक टी-72 मध्ये मागे असते आणि पायदळाच्या वाहनात पुढे, कारण तेथे इंजिनच पुढे असते. माळेचा ताण सैल पडला तर वळताना ती चाकांवरून उतरते, अति कसला तर पिना आणि दाते झिजतात. म्हणून रणगाड्याचे सवार मुक्कामाला पोहोचल्यावर, पूर्वीचे घोडेस्वार जसे आधी घोड्याचे खूर तपासून मग स्वतःच्या भाकरीकडे वळत, तसे आधी पट्टा तपासतात.

वळण्याची रीतही आपल्या खळ्यातली आहे. मळणीच्या वेळी तिवड्याला जुंपलेल्या बैलांच्या पातीत मधला बैल जवळजवळ जागच्या जागी फिरतो आणि कडेचा बैल मोठी फेरी घेतो. रणगाड्याला मोटारीसारखी वळणारी पुढची चाके नसतात. डावीकडे वळायचे तर डावा पट्टा मंद करायचा आणि उजवा तसाच चालू द्यायचा, म्हणजे सारी गाडी डावीकडे वळते. ही गोष्ट बोलायला सोपी. पण 41 टनांचा भार ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर वेगाने धावत असताना एका बाजूची शक्ती दुसऱ्या बाजूपेक्षा नेमकी हवी तेवढीच कमी करणे म्हणजे काय, हे त्या यंत्राच्या आत डोकावल्याशिवाय कळत नाही. टी-72 मध्ये त्यासाठी दोन बाजूंना दोन स्वतंत्र गिअरबॉक्स असतात. मधल्या सूर्यदात्याभोवती ग्रहदाते फिरावेत अशी त्यांची रचना असते, प्रत्येकात पुढे जाण्याचे सात वेग आणि मागे येण्याचा एक. आणि प्रत्येक गिअरबॉक्सच्या पुढे, पट्टा ओढणाऱ्या चाकाला लागून, वेग कमी करून जोर वाढविणारा दात्यांचा आणखी एक संच. इंजिनाचे शेकडो अश्वशक्तीचे बळ या दात्यांच्या बोटभर पृष्ठभागावरून पट्ट्याकडे जाते. एक दाता तुटला तरी रणगाडा जागच्या जागी खिळतो, आणि रणांगणात खिळलेला रणगाडा शत्रूच्या तोफखान्याला निशाण म्हणून पुरेसा असतो.

बदलापूरच्या कुळगावात राहणारे एक निवृत्त टर्नर माझ्या परिचयाचे आहेत. आळीतले सारे त्यांना काका म्हणतात. त्यांनी कोठे काय बनविले ते त्यांनी मला कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तो त्यांच्या धर्माचा भाग होता. पण दाता चांगला की वाईट हे कसे ओळखायचे, असे मी एकदा विचारले, तेव्हा ते उठले, कपाटातून फडक्यात गुंडाळलेला आपला मायक्रोमीटर काढला, पत्नीच्या फणीतला एक केस घेऊन त्याच्या जबड्यात धरला आणि शेवटच्या पकडीला रॅचेटची टिकटिक ऐकू आल्यावर मला आकडा वाचायला सांगितले. 70 मायक्रॉन भरला. मग म्हणाले, “ह्या केसाचे सात भाग करा. त्यातला एक भाग आमच्याकडे चूक म्हणून धरत असत.” केस पुन्हा नीट बाजूला ठेवून ते पुढे म्हणाले, “तोफ सगळ्यांना दिसते हो. गिअर दिसत नाही, वाईट असला तर ऐकू येतो. चांगला असला तर तेही नाही.” त्यांनी मग दाता कसा घडतो ते सांगितले: घडीव पोलादाच्या ठोकळ्यावर दाते पाडायचे, ते भट्टीत कार्बनयुक्त वातावरणात तासन्‌तास तापवून तेलात विझवायचे, म्हणजे वरची साल काचेसारखी कठीण होते आणि गाभा मात्र चिवट राहतो, मग तापविल्यामुळे आलेला सूक्ष्म वाक घासून काढायचा, आणि शेवटी गेजला लावायचे. वरची साल नरम राहिली तर दाता झिजतो, गाभा कठीण झाला तर तो फुटतो. सांगता सांगता त्यांचा अंगठा हवेतच एका न दिसणाऱ्या दात्याच्या पाठीवरून फिरत होता, आणि डोळे मिटलेले होते.

अशा यंत्राचा पाया एकदा सिद्ध झाला, की त्याच्यावर निरनिराळ्या कामांची वाहने उभी करता येतात, आणि सैन्याच्या भाषेत ज्याला वाहनांचे कुटुंब म्हणतात ते असे वाढते. भारतात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मेदकला 1987 पासून बांधले जाणारे ‘सारथ’. मूळ रशियन बीएमपी-2 या वाहनाचा हा भारतीय अवतार. रणगाड्याबरोबर पायदळाला चिलखताच्या आडून पुढे नेणे, त्याला उतरवून देणे आणि आपल्या 30 मिलिमीटर तोफेने त्याची पाठराखण करणे हे त्याचे काम; यास्तव सारथ हे नाव त्याला किती साजते ते निराळे सांगावयास नको. वजन सुमारे 14 टन, चालविणारे तिघे आणि आत बसणारे सात शिपाई. इंजिन पुढे ठेवल्यामुळे मागची बाजू मोकळी राहते आणि शिपायांना मागच्या दारांनी, म्हणजे शत्रूकडे वाहनाची पाठ नव्हे तर तोंड असताना, उतरता येते. हे वाहन तरते. पुढची फळी वर उचलली की ते नदीत शिरते, आणि पाण्यातही ते पट्टेच वल्ह्यांसारखे पाणी मागे लोटीत त्याला पैलतीरी नेतात.

आता त्याचा गोतावळा पाहा. त्याच सांगाड्यावरून तोफ काढून आत रुग्णांच्या डोल्या ठेवल्या, की ती चिलखती रुग्णवाहिका झाली. बुरूज काढून पोटात 81 मिलिमीटरची उखळी तोफ बसविली आणि छपराला दारे केली, की फिरती उखळी तोफ झाली. मागे मातीचा फाळ बसविला, की नदीचा काठ खणून मागच्या वाहनांना उतार करून देणारा, आणि स्वतः अडकला तर अग्निबाणाने नांगर फेकून त्याच्या दोरावर स्वतःला ओढून काढणारा उभयचर डोझर झाला. छपरावर ‘नाग’ क्षेपणास्त्राच्या सहा नळ्या बसविल्या, की रणगाडाभेदी नामिका झाली. सांगाडा लांबवून सहाऐवजी सात चाके दिली आणि ‘आकाश’ क्षेपणास्त्रे लादली, की विमानवेधी वाहन झाले. विषारी वायू व किरणोत्सर्ग हुंगत जाणारे टेहळणी वाहनही याच कुळातले. पुढे जाऊन पाण्याची खोली आणि काठाची माती तपासणारे अभियंत्यांचे नवे वाहनही याच सांगाड्यावर उभे आहे. त्याची रचना पुण्याजवळच्या दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने केली, आणि डिसेंबर 2021 मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या हस्ते पुण्यातच त्याची पहिली तुकडी सैन्यात दाखल झाली.

एवढा खटाटोप कशासाठी, प्रत्येक कामाला स्वतंत्र वाहन का नको? उत्तर कोठीच्या खोलीत आहे. वाळवंटात पाऊणशे वाहनांचा ताफा पुढे सरकत असता त्यांतील रुग्णवाहिका, डोझर आणि तोफवाहन यांना एकच पट्टा, एकच पिन, एकच चाक आणि एकच गिअर चालत असेल, तर मागून येणाऱ्या सरंजामाच्या गाड्यांत सुट्या भागांचे ओझे पुष्कळ कमी होते, दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला एकच यंत्र तोंडपाठ असले की भागते, आणि सर्वांचा वेग व चिखल तुडविण्याची ताकद सारखी असल्यामुळे कोणी मागे राहत नाही. पेशवाईतील मोहिमांच्या दफ्तरात घोड्यांच्या नालांचा व दाणावैरणीचा हिशेब का इतका बारकाईने ठेवलेला असे, याचे कारण याहून वेगळे नव्हते.

रणगाड्यांचीही अशीच कुळे झाली. आवडीहून 1965 साली बाहेर पडलेला ‘विजयंता’ हा भारतात बांधलेला पहिला. त्याच्या सांगाड्यावर 130 मिलिमीटरची तोफ चढवून ‘कॅटापुल्ट’ झाला, आणि घडीचा पूल लादून ‘कार्तिक’ झाला. पुढे टी-72 ‘अजेय’ आणि टी-90 ‘भीष्म’ आले. स्वदेशी ‘अर्जुन’ची पहिली तुकडी 2004 साली सैन्यात गेली, त्याची 120 मिलिमीटर तोफ पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने आखलेली आहे. त्याच्या रुंदीमुळे आगगाडीने नेताना ज्या अडचणी आल्या त्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे; ती येथे पुन्हा करीत नाही.

चिलखताविषयी मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती स्वयंपाकघरात पडताळून पाहता येते. काकडी सरळ कापली की गोल चकती पडते, तिरपी कापली की लांबट. सुरी तीच, काकडी तीच. पण तिरप्या वाटेने गेलेल्या सुरीला अधिक काकडी कापावी लागते. रणगाड्याचा दर्शनी पत्रा उभ्या रेषेपासून 60 अंश मागे झुकविला, तर समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला दुप्पट जाडीचे पोलाद भेदावे लागते. पत्र्याची जाडी न वाढवता बळ वाढविण्याची ही युक्ती. नंतर नुसत्या पोलादावर भागेना, म्हणून निरनिराळ्या द्रव्यांचे थर एकात एक बसविलेली संयुक्त चिलखते आली. अर्जुनवरील ‘कांचन’ चिलखत हैदराबादच्या कांचनबाग येथील प्रयोगशाळेत सिद्ध झाले, आणि त्या वस्तीवरूनच त्याला ते नाव मिळाले.

आता पुन्हा आपल्या भागाकडे वळू. बदलापूर या नावाची एक व्युत्पत्ती तेथले जुने लोक सांगतात: घाटावरून कोकणात, किंवा कोकणातून गुजरातेकडे जाणाऱ्या मराठी फौजा या ठिकाणी थकलेले घोडे बदलून ताजे घोडे घेत, म्हणून ते बदलापूर. इतिहासाच्या कसोटीला ही व्युत्पत्ती कितपत उतरेल ते पंडितांनी ठरवावे; परंतु रणगाड्यांच्या पलटणींत आजही घोड्यांचीच भाषा नांदते, हे मात्र निर्विवाद आहे. चिलखती दलातील साध्या शिपायाला ‘सवार’ म्हणतात, त्याच्या वरच्या हुद्द्यांत दफेदार येतो, त्याहून वर रिसालदार. जे शब्द आपण पागा, शिलेदार आणि बारगीर यांच्याबरोबर बखरींत वाचतो, ते आजच्या सैन्याच्या हजेरीपटावर जसेच्या तसे लिहिले जातात. अनेक पलटणींची नावेही ‘हॉर्स’ आणि ‘कॅव्हलरी’ अशीच. 1817 साली उभ्या राहिलेल्या पूना हॉर्सने याच वारशातून दोन परमवीर दिले: मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, जे फिल्लोराच्या लढाईत जखमी होऊनही मागे जाण्यास नकार देऊन पलटणीच्या अग्रभागी राहिले आणि 16 सप्टेंबर 1965 रोजी धारातीर्थी पडले, आणि पुण्यातच जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जे 16 डिसेंबर 1971 रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बसंतरच्या रणभूमीवर पेटलेला रणगाडा न सोडता लढत राहिले.

त्याच 1965 च्या युद्धात, पंजाबातील असल उत्तर येथे, शत्रूचे बलाढ्य पॅटन रणगाडे कालव्याचे पाणी सोडून भिजविलेल्या उसाच्या शेतांत रुतले आणि आपल्या तोफांच्या माऱ्यात सापडले. पायघड्यांनाही मर्यादा असते. चिखल पुरेसा खोल असला आणि बचाव करणारा पुरेसा धीराचा असला, की शेतजमीनही चिलखताला भारी पडते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही आपली तिन्ही गावे लष्कराच्या सावलीतच वाढली आहेत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची कुटुंबे येऊन राहिली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीला उल्हासनगर असे नाव दिले. अजूनही तेथला माणूस आपला पत्ता कॅम्प एक ते कॅम्प पाच अशा छावणीच्या भाषेतच सांगतो. अंबरनाथला कारखाने आले, बदलापूरला त्यांच्या कामगारांनी घरे बांधली. शके 982 मध्ये, म्हणजे इसवी सन 1060 मध्ये, वालधुनीच्या काठी काळ्या पाषाणात मंदिर पूर्ण करणाऱ्या पाथरवटांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत; शिलालेखात नाव आहे ते मुम्मुणी राजाचे. पोलाद घडविणाऱ्यांच्या बाबतीत आपण तेच पुन्हा करावे असे मला वाटत नाही.

म्हणून या पट्ट्यातील पालकांना आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलाने संगणक शिकावा, अवश्य शिकावा. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नरची वा फिटरची जागा घेणारा मुलगा घरी कमी लेखला जाऊ नये. संगणकाच्या हुकुमावर चालणारी यंत्रे आता दाते पाडतात हे खरे, पण पाडलेला दाता बरोबर आहे की नाही हे अखेर गेज हातात धरणारा माणूस ठरवतो, आणि तो माणूस एका वर्षात तयार होत नाही. आपल्या आळीत असे काका असतील तर त्यांच्याजवळ मुलांना नेऊन बसवावे. यंत्राची गुपिते त्यांनी सांगू नयेत, हाताची सांगावीत.

आणि सवड काढून अहिल्यानगरला जावे. चिलखती दलाचे केंद्र आणि यांत्रिक पायदळाचे केंद्र ही दोन्ही तेथेच आहेत, आणि 1994 साली उघडलेल्या तेथील रणगाडा संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे झाडांच्या सावलीत ओळीने उभे आहेत. मुले धावत जाऊन तोफेच्या नळीखाली उभी राहतील आणि फोटो काढा म्हणतील, तो काढावा. मग त्यांना खाली वाकायला सांगावे, आणि पट्ट्याची एक कडी, तिच्यातून आरपार गेलेली पिन आणि माळ ओढणाऱ्या चाकाचा एक झिजलेला दाता, एवढे बोटाने दाखवावे.